खोडूनच छापलेली किंमत

दोन महिन्यांपूर्वी प्रवासाची बॅग घ्यायला एका दुकानात गेले होते. बॅगेच्या मुठीला पुठ्ठ्याचं तिकीट अडकवलेलं होतं. वर मोठी किंमत, तिच्यावर तिरकी लाल रेघ, खाली बरोबर निम्मी किंमत. दुकानाच्या दारातच फलक होता: ‘५० टक्के सूट, फक्त दोन दिवस’. यात नवं काही नव्हतं. पण चष्मा लावून तिकीट जवळून पाहिलं आणि थबकले. ती लाल रेघ कुणी पेनने मारलेली नव्हती, नवी किंमत वरून चिकटवलेलीही नव्हती. बारकोड, बॅगेचा आकार, रंगाचं नाव, ‘मूळ’ किंमत, तिच्यावरची काट आणि खालची नवी किंमत, सगळं एकाच वेळी एकाच छपाईत उतरलं होतं. तिकीट छापलं तेव्हाच ती किंमत खोडलेली होती.

तिथल्या मुलीला विचारलं, “ही बॅग आधी या वरच्या किमतीला विकत होतात का?”

ती म्हणाली, “माहीत नाही मॅडम. माल असाच येतो.”

ती खोटं बोलली नाही, तिला खरंच माहीत नसणार. पण तिच्या ‘माल असाच येतो’ या तीन शब्दांत सवलतींचा अर्धा कारभार कळतो. उरलेला अर्धा कळायला थोडं खोलात जावं लागतं, आणि तेच इथे करायचं आहे. आपण दर वर्षी किती पैसे, किती कपाटं आणि किती सुट्टीचे दिवस या लाल रेघेच्या नादात घालवतो, हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं.

दुकानात सूट दिसली की आपण ती वजाबाकीसारखी वाचतो. इतके होते, इतके कमी केले, इतके उरले. वजाबाकी नेहमी बरोबर असते, कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिली तरी तेच उत्तर येतं. शंका घ्यायची ती वरच्या आकड्यावर. तो आकडा म्हणजे दुकानदाराने केलेला एक दावा आहे: ‘ही वस्तू आजवर आम्ही या भावाने विकत होतो.’ दावा मागच्या दिवसांबद्दलचा आहे आणि ते दिवस फक्त दुकानदाराने पाहिलेत. आपण तिथे आज पहिल्यांदा पाऊल ठेवलेलं असतं. आपल्याकडे ना मागची पावती, ना मागच्या महिन्याचा फलक. बाकी सगळा थाट, लाल रंग, ठळक अक्षरं, उरलेले दोन दिवस, या एका दाव्यावर उभा असतो. दावा खरा असेल तर सूट खरी. तो खोटा असेल तर सूट नावाची गोष्टच तिथे नाही. आहे ती फक्त त्या वस्तूची रोजची किंमत.

ही युक्ती इतकी जुनी आहे की सरकारी कागदांत ती कित्येक दशकं नमुना म्हणून पडून आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने फसव्या किमतींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं १९६४ मध्ये लागू केली. त्यात पेनचं एक उदाहरण दिलं आहे. दुकानदाराला पेन ५ डॉलरला पडतं. त्यावर तो नेहमी निम्मं वाढवून साडेसात डॉलरला विकतो. एके दिवशी तो भाव १० डॉलर करतो. या भावाने पेन खपणार नाही, खपलंच तर एखाद-दुसरं, हे त्याला पक्कं माहीत असतं. पण त्याची त्याला फिकीर नसते. थोडे दिवस तसेच जाऊ देतो आणि मग जाहिरात करतो: आधी १०, आता फक्त साडेसात! ग्राहक अडीच डॉलर वाचवल्याच्या आनंदात घरी जातो, आणि दुकानदाराच्या गल्ल्यात नेहमीचेच साडेसात पडतात.

त्या तत्त्वांनी घातलेली अट साधी आहे. ‘आधीची किंमत’ म्हणायचं असेल तर त्या किमतीला वस्तू पुरेसा काळ, नियमितपणे आणि प्रामाणिकपणे लोकांसमोर विकायला ठेवलेली हवी. त्या भावाने माल खपलाच पाहिजे असं नाही, पण विकायचा इरादा खरा हवा. ‘इरादा’ हा शब्द तपासायला फार अवघड, आणि पुढची बरीचशी भानगड त्यातूनच सुरू होते.

सगळ्या सवलती खोट्या असतात असं मात्र मुळीच नाही. हंगाम सरतो, नवं मॉडेल येतं, गोदामात जागा हवी असते, देणी भागवायला रोख पैसा हवा असतो, शर्टाची दोनच मापं उरलेली असतात. अशा वेळी दुकानदार खरोखर भाव पाडतो आणि चार पैसे कमी घेतो. ओळखायची खूण मी अशी धरते: खऱ्या सवलतीत दुकानदाराच्या हातून काहीतरी सुटतं. खोट्या सवलतीत त्याचा नफा जागच्या जागी असतो, फक्त आपल्या मनातला आकडा आधी वर चढवून मग खाली उतरवलेला असतो.

मनात रुतून बसणारा आकडा

मनातला आकडा असा वरखाली करता येतो हे कशावरून? १९७४ मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी आजही सांगितला जातो. लोकांसमोर ० ते १०० आकडे असलेलं चक्र फिरवलं. चक्र आतून असं बसवलेलं होतं, की ते १० वर किंवा ६५ वरच थांबे. समोरच्यांना मात्र ते नशिबाचं चक्र वाटे. मग त्यांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? आधी चक्रावरच्या आकड्यापेक्षा जास्त की कमी ते सांगा, आणि मग नेमका अंदाज द्या. चक्र आणि आफ्रिका यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरी ज्यांना १० दिसलं त्यांचा मधला अंदाज २५ टक्के आला, आणि ज्यांना ६५ दिसलं त्यांचा ४५.

बोटीचा नांगर एका जागी पडला की बोट त्याच्याच आसपास घुटमळते, तसं हे आहे. आधी ऐकलेला किंवा पाहिलेला आकडा मनात रुततो आणि पुढचा सगळा विचार त्याच्याभोवती फिरतो. तिकिटावरची खोडलेली किंमत हेच काम करते. खोडलेली असली तरी ती वाचता येते, किंबहुना वाचली जावी म्हणूनच ती खोडलेली असते. खरंच रद्द करायची असती तर तिच्यावर कागद चिकटवला असता, नाहीतर नवं तिकीट लावलं असतं.

कुणाला वाटेल, हे नवख्यांचं होत असेल, जाणकारांचं नाही. १९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात जाणकारांनाच तपासलं. घरांची खरेदी-विक्री हाच ज्यांचा धंदा, अशा दलालांना एक खरं घर फिरून पाहायला दिलं. घराची सगळी माहितीही हातात दिली. प्रत्येक गटाच्या कागदांत फरक फक्त एकच होता, मालकाने मागितलेली किंमत. घर तेच, खोल्या त्याच, पण कागदावर मोठा आकडा असलेल्या दलालांनी घराचं मोल जास्त लावलं आणि लहान आकडा असलेल्यांनी कमी. आकड्याला भुलले, इथवर ठीक. पण विचारल्यावर त्यांच्यातल्या बहुतेकांनी सांगितलं, की मोल ठरवताना आम्ही मागितलेल्या किमतीचा विचारच केला नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो. आकडा आपलं काम करून जातो आणि मागे पाऊलखूणही ठेवत नाही.

याला जोडून आणखी एक गोष्ट घडते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ती नीट मांडली. २०१७ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं असं, की खरेदी करताना आपल्याला दोन वेगवेगळी सुखं मिळतात. एक वस्तूचं सुख: ती किती उपयोगी, किती टिकाऊ, किती आवडती. दुसरं सौद्याचं सुख: जितके द्यावे लागतील असं वाटलं होतं त्यापेक्षा किती कमी दिले. पहिलं सुख वस्तू घरी आल्यावर सुरू होतं आणि वर्षानुवर्षं पुरतं. दुसरं पैसे देतानाच होतं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत विरतं. खोटी सवलत दुकानदाराला जवळजवळ फुकटात हे दुसरं सुख तयार करून विकू देते. वस्तूत काहीच सुधारावं लागत नाही, वरचा आकडा वाढवला की झालं.

न घातलेले कपडे कपाटात का साठतात, याचं उत्तर मला इथे सापडतं. ते घेताना आपण कपडा घेतलेलाच नसतो. घेतलेला असतो सौदा. सौदा दुकानातच संपतो आणि कपडा आपल्या घरी येऊन पडून राहतो.

खरं सांगून पाहणारा दुकानदार

मग एखादा मोठा दुकानदार सरळ का म्हणत नाही, की बाबांनो, खोडाखोड बंद, हाच खरा भाव, घ्यायचा तर घ्या? एकाने हे करून पाहिलं. त्याचं काय झालं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या विषयात याच्याइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

जेसी पेनी ही अमेरिकेतली शंभर वर्षांहून जुनी दुकानांची साखळी. २०११ च्या अखेरीस ॲपलच्या दुकानांना आकार देणारे रॉन जॉन्सन तिचे प्रमुख झाले. त्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की कंपनीने एका वर्षात ५९० वेगवेगळे सेल आणि ऑफर लावले होते, आणि विक्रीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग छापील किमतीच्या निम्म्याने किंवा त्याहूनही खाली होत होता. छापील किमतीला माल घेणारं जवळजवळ कुणीच नव्हतं. त्या किमतीचं काम फक्त खोडलं जाण्यापुरतं होतं.

फेब्रुवारी २०१२ मध्ये जॉन्सननी हे सगळं थांबवलं. कूपनं बंद, रोजचे सेल बंद. आधीच्या छापील किमतीपेक्षा निदान ४० टक्के कमी असा एकच भाव लावला आणि सांगितलं, रोज हाच भाव, वाट पाहायची गरज नाही. हिशेबाने पाहिलं तर ग्राहकाचं नुकसान फारसं नव्हतं. आधी सेलमध्ये जितके द्यायचा, जवळपास तितकेच आता रोज द्यायचे होते, आणि त्यासाठी वर्तमानपत्रातलं कूपन कापून न्यायची गरज उरली नव्हती.

ग्राहकांनी पाठ फिरवली. त्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री सुमारे १७.३ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर आली, म्हणजे चौथा हिस्सा गेला. तोटा एक अब्ज डॉलरच्या घरात पोचला. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं. पुढच्याच महिन्यात कंपनीने ग्राहकांची माफी मागणारी जाहिरात केली. छापील किमती पुन्हा वर गेल्या, त्यांच्यावर काट बसली आणि सेलही परत आले.

जॉन्सननी भावांबरोबरच दुकानांची मांडणी आणि काही मालही एकाच वेळी बदलला होता. तेव्हा सगळं खापर भावावर फोडता येणार नाही. तरी यातून दिसतं ते अस्वस्थ करणारं आहे. वर्षानुवर्षं आकडा खोडून दाखवलेला ग्राहक न खोडलेल्या आकड्याकडे पाहतो, तेव्हा त्याला तो भाव महाग वाटतो, नाहीतर तो स्वस्त आहे की महाग हेच कळत नाही. मोजायची पट्टीच हातातून गेलेली असते. आणि बाजूचं दुकान ‘५० टक्के’ ओरडत असताना एकट्यानेच खरं बोलणाऱ्याचं गिऱ्हाईक बाजूला जातं. सगळ्यांनी एकाच दिवशी थांबायचं ठरवलं तरच कुणाचं नुकसान होणार नाही, पण पहिला कुणी व्हायचं? म्हणून मला इथे एकेका दुकानदाराच्या लबाडीपेक्षा नियमांची उणीव मोठी दिसते. प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहणं परवडलं पाहिजे, आणि ती सोय कायद्यानेच होऊ शकते.

नाना रूपं

सगळ्यात सोपं रूप म्हणजे पेनचं: भाव चढवा, थांबा, उतरवा. माझ्या बॅगेचं रूप त्याच्या पुढचं आहे. इथे चढवायचीही गरज नाही. माल खास सवलतीच्या दुकानांसाठी म्हणूनच बनवतात आणि वरची किंमत थेट कारखान्यात छापून घेतात. नामांकित ब्रँडच्या सवलतीच्या दुकानात गेलं, की मुख्य दुकानात न खपलेला तोच माल इथे स्वस्तात मिळतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यातला बराचसा माल मुख्य दुकानात कधी गेलेलाच नसतो. तो वेगळ्या कापडाचा, कमी शिलाईचा, या दुकानांसाठीच बनवलेला असतो. स्वतंत्र वस्तू म्हणून तो चांगलाही असू शकतो. पण त्याला ‘आधीची किंमत’ असूच शकत नाही, कारण त्याला ‘आधी’च नसतो.

तिसरं रूप दुसऱ्यांच्या किमतीचं. ‘इतरत्र इतक्याला, आमच्याकडे इतक्याला.’ ओव्हरस्टॉक या अमेरिकी संकेतस्थळावर कॅलिफोर्नियातल्या सरकारी वकिलांनी याच कारणासाठी खटला भरला. त्या खटल्यात एका ग्राहकाची हकीकत आली. त्याने अंगणात ठेवायच्या टेबल-खुर्च्यांचा संच मागवला होता. संकेतस्थळावर त्याची बाजारातली किंमत ९९९ डॉलर दाखवली होती, त्याला तो सुमारे ४५० ला मिळाला. घरी खोकं उघडलं तर आत वॉलमार्ट या दुसऱ्याच दुकानसाखळीचं तिकीट चिकटलेलं, २४७ डॉलरचं. २०१४ मध्ये न्यायालयाने कंपनीला ६८ लाख डॉलरचा दंड केला.

मग येते टक्केवारी. ‘५० टक्के, वर आणखी २० टक्के’ ऐकलं की मन ७० म्हणतं. पण २० टक्के उरलेल्या निम्म्यावर लागतात, त्यामुळे एकूण सूट ६० होते. ‘दोन घ्या, एक फुकट’ म्हणजे तिन्ही हवे असतील तरच ३३ टक्के. एकच हवं असेल तर तुम्ही दुपटीने खर्च केलात. ‘७० टक्क्यांपर्यंत’ मधलं ‘पर्यंत’ बारीक अक्षरात असतं, आणि कोपऱ्यातल्या एका रॅकवर ७० लागले तरी फलक खोटा ठरत नाही. २०१२ मध्ये अक्षय राव हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दुकानात हाताला लावायचं लोशन दोन प्रकारे विकून पाहिलं: कधी ३३ टक्के स्वस्त, कधी त्याच किमतीत ५० टक्के जास्त. हिशेबाने दोन्ही तंतोतंत सारखंच, कारण दीडपट माल म्हणजे दर दोन तृतीयांशावर. तरी ‘५० टक्के जास्त’ असताना विक्री ७३ टक्क्यांनी अधिक झाली. टक्का कशाचा आहे हे न पाहता आपण नुसता मोठा आकडा उचलतो.

पडद्यावरच्या दुकानात घाईची भर पडते. प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११ हजार खरेदीच्या संकेतस्थळांची संगणकाने छाननी केली. काही ठिकाणी उलटं मोजणारं घड्याळ शून्यावर पोचलं तरी ऑफर तशीच राहत होती, किंवा घड्याळच पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. ‘आत्ता इतके जण ही वस्तू पाहत आहेत’ हा आकडा काही संकेतस्थळांवर चक्क संगणकाने मनाला येईल तसा काढलेला होता. म्हणजे आपल्याशी स्पर्धा करणारं तिथे माणूसच नव्हतं. या घाईने नेमका तोच वेळ हिरावला जातो, ज्यात आपण वरच्या आकड्याची चौकशी केली असती. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांची यादी असलेली मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यातली पहिलीच नोंद खोट्या घाईची आहे.

तीस दिवसांचा नियम

‘इरादा’ तपासणं अवघड, म्हणून युरोपीय संघाने इरादा सोडून तारीख धरली. २८ मे २०२२ पासून लागू झालेला तिथला नियम सांगतो: भाव कमी केल्याची जाहिरात करायची असेल, तर ‘आधीची किंमत’ म्हणून कपातीपूर्वीच्या निदान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवायची. हा ‘सगळ्यात कमी’ शब्द मोलाचा आहे. पेनवाला चार दिवस भाव चढवून बसला तरी त्या महिन्यात पेन साडेसातला होतंच, त्यामुळे त्याला ‘आधी १०’ लिहिता येत नाही.

पळवाट लगेच शोधली गेली. जर्मनीत आल्डी स्यूड या किराणा दुकानांच्या साखळीने केळ्यांवर २३ टक्के सूट जाहीर केली. ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमतही त्यांनी पत्रकात छापली होती, पण बारीक अक्षरात. टक्के मात्र त्या किमतीवरून न काढता लगेच आधीच्या, चढ्या किमतीवरून काढले होते. बारीक अक्षरातली किंमत पाहिली तर ती ‘सवलतीच्या’ किमतीइतकीच निघाली. सूट शून्य. ग्राहक संघटना न्यायालयात गेली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की नियमातली किंमत कोपऱ्यात छापून भागत नाही, टक्केसुद्धा तिच्यावरूनच काढले पाहिजेत.

नियम चांगला आहे, पण तो ‘आधीच्या किमती’पुरता. कंपनीने ‘सुचवलेली’ किंमत, फक्त तुमच्या नावाने आलेलं कूपन, पाच आठवडे आधीच चढवून ठेवलेला भाव, या वाटा उरतातच. तरी मला असा तारखेवर बेतलेला नियम सगळीकडे हवासा वाटतो. त्यात ग्राहकाला कुणाच्या मनातलं सिद्ध करावं लागत नाही, दोन तारखांची दोन तिकिटं पुरतात.

या सगळ्याची किंमत आपल्या पाकिटाबाहेरही मोजली जाते. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार आधीच्या १५ वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन सुमारे दुप्पट झालं, आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. कापूस पिकवायला तेच पाणी लागलं, शिवणाऱ्याच्या बोटांना तेच श्रम पडले. घालणं तेवढं कमी झालं.

माझ्यापुरते मी दोन बदल केलेत. पहिला, तिकीट हातात घेतलं की खोडलेल्या किमतीवर अंगठा ठेवते. वस्तू उलटीसुलटी करून पाहते, शिवण ओढून पाहते, आणि ही मला कितीला घ्यावीशी वाटेल तो आकडा मनात नक्की करते. मगच खालची किंमत वाचते. आकडा आधी माझा पडला पाहिजे. दलालांच्या प्रयोगानंतर माझा स्वतःवर एवढाच भरवसा उरला आहे. दुसरा, मोठी वस्तू घ्यायची असेल तर महिनाभर आधीपासून तिचा भाव तारखेसह टिपून ठेवते, दुकानात फोटो काढून आणि फोनवर स्क्रीनशॉट घेऊन. दुकानदाराच्या ‘आधी’समोर ठेवायला माझ्याकडे माझा ‘आधी’ असतो. किराण्यासारख्या छोट्या गोष्टींत नगाचा भाव सोडून वजनाचा भाव पाहिला, की पुडा आतल्या आत लहान झालेलाही कळतो.

बॅग शेवटी दुसरीकडून घेतली. तिच्यावर काट नव्हती. चाकं फिरवून, चेन चार वेळा उघडून-मिटून घेतली, आणि दिलेले पैसे त्या पहिल्या ‘निम्म्या’ किमतीपेक्षा थोडे कमीच होते.

सहा आठवड्यांनी पुन्हा त्या पहिल्या दुकानावरून गेले. दारात तोच फलक होता, ‘फक्त दोन दिवस’. आत जाऊन त्याच बॅगेचं तिकीट शोधलं, तीच छापील लाल रेघ. पहिल्या दिवशी काढलेला फोटो फोनमध्ये होताच. दुसरा काढला, दोन्हींवर तारखा दिसतील असे जोडले आणि ग्राहक तक्रार कक्षाकडे पाठवले. तक्रारीचा क्रमांक आला आहे.